आतोबांचं लिंबू

हिच्या आतोबांइतका संशयी माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. आणि सिंगापूरला येण्याआधी मी पुण्यात एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात होतो, म्हणजे संशयी माणसांत माझी बरीच ऊठबस झालेली आहे. विमावाले निदान माणूस मेल्यावर शंका काढतात. आतोबा समोरच्याने नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी 'का बुवा?' असा चेहरा करत. नव्वदच्या दशकात मी आणि शुभा नवीन लग्न झालेलं जोडपं म्हणून चांगी विमानतळावर उतरलो, तेव्हा आम्हाला घ्यायला तेच आले होते. शुभाची आत्या आणि आतोबा कितीतरी वर्षं सिंगापुरातच राहत होते. आतोबा बोटीवर चीफ इंजिनिअर होते, नंतर दर्यावरची नोकरी सोडून तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागले होते. त्यांना आमच्या लग्नाला येता आलं नव्हतं. त्यांनी शुभाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग खिशातून आमच्या लग्नाचा फोटो काढला, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"फोटोत मिशी आहे," ते म्हणाले.

"काढली."

"का?"

मी ओठावरून हात फिरवला. शुभा म्हणाली, "आतोबा, अहो, मी ओळखते ह्यांना!" त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "तू दोन महिने ओळखतेस." आणि टॅक्सीत ते मुद्दाम पुढे न बसता मागे, आम्हा दोघांच्या मधे बसले.

क्लेमेंटीला त्यांचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. त्यांनीच खटपट करून आम्हाला त्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर भाड्याने जागा मिळवून दिली, कारण नजरेसमोर असलेलं बरं. ते स्वतः लिफ्ट वापरत नसत. सगळं आयुष्य इंजिनरूममध्ये घालवलेल्या या माणसाचा यंत्रांबद्दलचा एक सिद्धांत होता. "आवाज न करणारं मशीन काहीतरी लपवत असतं, जावईबापू," ते म्हणत. सिंगापूरच्या लिफ्टा आवाज करत नाहीत, म्हणून ते जिने चढत. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, दाराजवळ उभे राहून डब्याच्या भिंतीला कान लावत, आणि शेजारचे लोक हळूहळू पुढच्या डब्यात सरकत. हाच सिद्धांत ते माणसांनाही लावत. शुभा अखंड बोलते, त्यामुळे तिच्याबद्दल त्यांना काही शंका नव्हती. मी मुळातच कमी बोलणारा. मी त्यांच्याकडे जाऊन गप्प बसलो की ते चहाचा कप हातात धरून माझ्याकडे असे बघत, जणू मी आता कुठल्याही क्षणी बंद पडणार आहे.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे एका चौकशीला जाणं असे. माशाचे कल्ले उघडून, डोळ्यांत डोळे घालून, शेपटीकडून एकदा आणि तोंडाकडून एकदा वास घेऊन ते मासा खाली ठेवत आणि पुन्हा तोच उचलत. एकदा ती चिनी कोळीण वैतागून म्हणाली, "अंकल, यू वॉन्ट टु ईट द फिश ऑर मॅरी द फिश, लाह?" हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट नाहीतर छत्री ठेवून जागा धरतात आणि खुशाल जेवण आणायला लांब निघून जातात. आतोबा अशा टेबलाजवळची जागा मुद्दाम घेत आणि छत्री कोण पळवतं याची वाट बघत बसत. इतक्या वर्षांत एकही छत्री चोरीला गेली नाही, हे त्यांना अतिशय संशयास्पद वाटे. आत्यांना या सगळ्याची इतकी सवय झाली होती, की त्या नुसत्या हसत. "मला बघायलासुद्धा तीनदा आले होते," त्या सांगत, "तिसऱ्यांदा तर न कळवता."

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. होतं ते एक झाड.

त्यांच्या दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कढीपत्ता, तुळस, पांदान अशा कुंड्यांची दाटी होती आणि त्या दाटीच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, कापलेल्या तेलाच्या पिंपात एक छातीएवढं झुडूप होतं. पिंप सायकलच्या साखळीने कठड्याला बांधलेलं आणि साखळीला कुलूप. "कसलं हो हे?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा आतोबा लगेच म्हणाले, "लिंबू." मी कोकणातला आहे. लिंबाचं झाड मला कळतं. या झाडाची खालची पानं सुरीसारखी अरुंद आणि तांबूस शिरांची होती, वरची रुंद, हिरवीगार, तुकतुकीत. काटा एक नाही, आणि पान चुरगळलं तर लिंबाचा वास नाही. पान चुरगळताना आतोबांनी मला पाहिलं आणि पुढचा महिनाभर मला कॉरिडॉरमध्ये एकट्याला उभं राहू दिलं नाही.

मग डास तपासायला सरकारी बाई आली. सिंगापुरात कुंड्यांखालच्या बशांत पाणी साठू द्यायचं नाही असा नियम आहे, आणि ते बघायला माणसं दारोदार फिरतात. ती टॉर्च घेऊन जिन्याच्या तोंडाशी दिसली मात्र, आतोबांनी आत धाव घेतली, आत्यांची दोरीवरची साडी ओढली आणि झुडपाला आपादमस्तक गुंडाळलं. मी तिथेच होतो.

"अंकल, व्हॉट इज अंडर द क्लॉथ?"

"लेमन."

"व्हाय कव्हर?"

आतोबांनी क्षणभर विचार केला. "व्हेरी शाय," ते म्हणाले.

तिने साडीचा पदर उचलून बशीत टॉर्च मारला, "नो वॉटर, गुड," म्हणाली आणि पुढच्या घराकडे गेली. मला वाटलं आतोबा सुटकेचा श्वास सोडतील. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाहिलंत? झाडाकडे तिने नजरसुद्धा टाकली नाही. म्हणजे तिला सगळं माहीत आहे."

त्या दिवशी मला एक कार्ड आठवलं. या देशात उतरताना विमानात जे कार्ड भरायला देतात, त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की इथे अमली पदार्थांच्या व्यापाराला मृत्युदंड आहे. च्युइंगमवर बंदी घालणारं हे सरकार! मी घरी येऊन दार लावलं आणि शुभाला हळूच म्हणालो, "तुझे आतोबा गांजा लावतायत."

"वेडे का तुम्ही?" ती ओरडली. "ते बडीशेपसुद्धा निवडून खातात!" मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "पण मग साखळी कशाला?" त्या आठवड्यात आत्यांनी अळूची भाजी पाठवली, ती आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघत, बेताबेताने खाल्ली.

माझ्या संशयात भर पडली ती झाडाला फुलं आली तेव्हा. चांदणीसारखी पांढरी, लहान, संध्याकाळी मंद वास सुटणारी फुलं. आतोबांनी मला वर बोलावलं, दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्यावर अर्धा विश्वास टाकतो आहे. ह्याला दरवर्षी फुलं येतात आणि फळ नजरेला पडायच्या आत कोणीतरी ते खुडून नेतं."

"कोण?"

त्यांनी शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक चिनी आजी एकटी राहत असे. आतोबांनी सांगितलेलं खरं मानून ती बिचारी वर्षानुवर्षं येता-जाता "अंकल, लेमन हॅव?" असं विचारी आणि आतोबा "नेक्स्ट इयर, नेक्स्ट इयर" म्हणत तिला वाटेला लावत. "रोज चौकशी करते," आतोबा म्हणाले. "ज्याला न्यायचं असतं तोच चौकशी करतो." त्यांनी झुडपाभोवती काळा दोरा बांधला, फरशीवर टाल्कम पावडर पसरली. पावडरीत पावलं उमटली ती आत्यांची आणि एका मांजराची. मग रविवारी मला वर्तमानपत्र देऊन पहाऱ्याला बसवलं. दुपारी ती आजी बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि मला गारेगार बार्लीचं पाणी घेऊन आली. "अंकल सिक, अह?" तिने काळजीने विचारलं. मी ते पाणी पीत असतानाच आतोबांनी दार किलकिलं केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला सामील झालो होतो.

हे फार दिवस चालणं शक्य नव्हतं. क्लेमेंटीत एका घरात खोली घेऊन राहणारी वृषाली नावाची कोल्हापूरची मुलगी आमच्या ओळखीची होती; जवळच्या विद्यापीठात ती वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होती. मी तिला आमची भीती सांगितली. ती खूप हसली आणि म्हणाली, "दाखवा तर खरं." आत्यांकडे तिला जेवायला न्यायचं ठरलं. ती झाडं ओळखते हे मी आतोबांना सांगितलं नाही. पण कॉरिडॉरमध्ये पोचल्यावर तिला राहवलं नाही. ती कढीपत्ता बाजूला सारून गुडघ्यावर बसली, एक खालचं पान पाहिलं, एक वरचं पाहिलं, पर्समधून भिंग काढलं आणि फुलाला लावलं.

"लिंबू आहे ते," आतोबा मागून घाईघाईने म्हणाले.

"हे लिंबू असलं तर मी आंबा आहे, काका," ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली. "कुठनं आणलं हो हे?"

आतोबांनी कढीपत्त्याची कुंडी पुन्हा पुढे ओढली. मग तीच म्हणाली, "नाव मला पुस्तकात बघून सांगावं लागेल. पण ह्याला फळ कधीच लागायचं नाही बघा. हा नर आहे. नुसते पुंकेसर आहेत फुलात. मादीचं झाड वेगळं असतं."

"म्हणजे," आतोबांनी सावकाश विचारलं, "कोणी नेलं नाही?"

"न्यायला काही नव्हतंच की."

आतोबा कठड्याला टेकले. इतक्या वर्षांची पाळत, दोरे, पावडरी, सगळं एका वाक्यात वाया गेलं होतं. शेजारच्या बंद दाराकडे त्यांनी पाहिलं ते, खात्रीचा आरोपी निर्दोष सुटल्यावर फौजदार पाहील तसं. जेवताना वृषालीने आणखी एक गोष्ट सांगितली. काही बेटांवरच्या झाडांना लहानपणी वेगळी पानं असतात आणि मोठेपणी वेगळी. असं म्हणतात, की पूर्वी त्या बेटांवर मोठाली कासवं होती. त्यांची मान पोचते तेवढ्या उंचीपर्यंत झाड आपली ओळख लपवतं, म्हणजे कासवांना ते खाण्यासारखं वाटत नाही. आतोबांचा घास हातात राहिला. "म्हणजे झाड संशय घेतं?" त्यांनी विचारलं. "तसंच म्हणायचं," ती म्हणाली. आतोबांनी आत्यांकडे अशा अभिमानाने पाहिलं, की आत्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

पंधरवड्याने वृषाली पुन्हा आली तेव्हा ती हसत नव्हती. तिने त्या दिवशी काढलेले झाडाचे फोटो आणि एक पान आपल्या प्राध्यापकांना दाखवलं होतं आणि त्यांनी ई-मेल नावाच्या त्या वेळच्या नव्या प्रकाराने दोन-तीन ठिकाणी विचारणा केली होती. हे झुडूप जगात एकाच बेटावर उगवतं. कुठलं बेट ते मी इथे लिहीत नाही. आतोबांनी मला शपथ घातली आहे. तिथे शेळ्या सोडल्या, जंगल तुटलं, आणि आता या जातीचं एकच झाड तिथल्या बागेत कुंपण घालून जपलेलं होतं. ते मादी होतं. तिलाही दरवर्षी फुलं येत आणि वाळून पडत. नर सगळे गेले असंच सगळे धरून चालले होते.

मग आतोबांनी घसा साफ केला. "मुलगी कशी आहे?" ते म्हणाले.

"काका, झाड आहे ते!"

"म्हणूनच विचारतो. वय काय? तब्येत? आणि एकच उरली आहे हे कोण सांगतं? तुझा तो प्राध्यापक? मी पाहिलाय त्याला बसस्टॉपवर. तो काही बोलत नाही."

पण हे सगळं वरवरचं होतं. बोलता बोलता त्यांनी दाराची कडी दोनदा तपासली. आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सांगून टाका आता. मीही कधी विचारलं नाही." तेव्हा ते कळलं. बोटीवर असताना एकदा त्यांच्या जहाजाचं इंजिन बिघडलं आणि दुरुस्तीसाठी ते त्या बेटासमोर नांगर टाकून थांबले. गावाच्या दवाखान्यातला पाण्याचा पंप बंद होता. आतोबांनी किनाऱ्यावर जाऊन तो चालू करून दिला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने, दवाखान्यात तिची सून बाळंतीण होती, कौतुकाने दुधाच्या डब्यात लावलेलं हे एवढंसं रोप त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते केबिनमध्ये वाढवलं आणि कोणालाही न विचारता, कुठलाही परवाना न घेता सिंगापुरात उतरवलं. नंतर त्यांनी कुठेतरी वाचलं, की त्या बेटावरची झाडं बाहेर नेणं गुन्हा आहे. तेव्हापासून दाराची प्रत्येक घंटा त्यांना पोलिसाची वाटत आली होती.

"पण तुम्हाला तर दिलं होतं ते," मी म्हणालो. "सांगायचं होतंत तसं."

"मला कोणी दिलं म्हटलं तर विश्वास कोण ठेवेल, जावईबापू? मी तरी ठेवला नसता."

"मी ठेवते की," वृषाली म्हणाली. अगदी सहज म्हणाली, पुढ्यातला चिवडा खाता खाता. आतोबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना हे कोणी याआधी म्हणालं असेल असं मला वाटत नाही, कारण त्यांनी कोणाला म्हणायची संधीच दिली नव्हती.

तरीही झाड बेटावर पाठवायला ते लगेच हो म्हणाले नाहीत. नुसते पराग पाठवायचे तर ते वाटेतच मरतात, असं कळलं. फांद्या लावून पाहिल्या, त्या वाळल्या. झाडच जायला हवं होतं. आतोबा रोज नवी शंका काढत. मग त्या वर्षी सुमात्राच्या जंगलांतल्या आगींचा धूर सिंगापूरवर पसरला. समोरचा ब्लॉक दिसेना, शाळांत मुलं खोकू लागली, आणि झाडाची पानं पिवळी पडून गळायला लागली. आतोबा तोंडाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने एकेक पान पुसत. एका सकाळी मी कामावर निघालो होतो, तर ते जिन्यात भेटले. हातात ते फडकं होतं. "त्या प्राध्यापकाला बोलवा," ते म्हणाले. "इथे राहिला तर हा माझ्या देखत जाईल."

सरकारी परवानगीसाठी अधिकारी घरी आले त्या दिवशी आतोबांनी जुना ब्लेझर घातला होता, टाय लावला होता आणि दाराशी एक लहान बॅग भरून ठेवली होती: टूथब्रश, पंचा, दोन शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या. त्या अधिकाऱ्यांनी त्यांची हकिकत ऐकली, झाड पाहिलं, आत्यांचा चहा घेतला, कागद केले आणि आभार मानून निघाले. आतोबा बॅग घेऊन त्यांच्या मागोमाग लिफ्टपर्यंत गेले. "अंकल, यू गोइंग समव्हेअर?" त्यांनी विचारलं. आतोबा पुन्हा घरात आले आणि बॅग तशीच भरलेली, आणखी आठवडाभर दाराशी ठेवली.

झाडासाठी खोका त्यांनी यार्डात स्वतः बनवला, आतून स्प्रिंग बसवलेला, हवेला भोकं असलेला. निघायच्या दिवशी साखळीचं कुलूप उघडेना. इतकी वर्षं ते कोणी उघडलंच नव्हतं, गंजून गेलं होतं. आतोबांनी हॅकसॉ आणला आणि कोणाला हात लावू न देता ते कापलं. प्राध्यापक स्वतः झाड घेऊन चालले होते, बरोबर वृषालीही होती. विमानतळावर आतोबांनी त्या अबोल गृहस्थांना पाणी कधी, ऊन किती, वारा कुठल्या बाजूचा चालतो हे सगळं दोनदा सांगितलं. त्यांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. मग अचानक आतोबांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "आय विल टेक केअर." बस, एवढंच. परतताना टॅक्सीत आतोबा म्हणाले, "बोलतो तसा."

पुढच्या हंगामात एका संध्याकाळी वृषाली आमच्या दारावरून न थांबता तीन जिने धावत वर गेली, आम्ही दोघं तिच्या मागे. "काका, फळ धरलं!"

"कोणी पाहिलं?"

"सगळ्यांनी! बेटावर शाळांना सुट्टी दिली म्हणे."

"झाडावरच आहे अजून? राखायला कोण आहे?"

"अख्खं गाव आहे, काका."

आतोबा 'बरं' म्हणून न्हाणीघरात गेले. नळ बराच वेळ चालू राहिला. आत्या आम्हाला बसा म्हणाल्या आणि स्वतः दाराबाहेर उभ्या राहिल्या. मग आतोबा तोंड पुसत बाहेर आले, देवापुढच्या वाटीतले पेढे घेतले आणि शेजारच्या दारावर टकटक केलं. आजीने दार उघडलं. पेढे पाहून तिचे डोळे मोठे झाले. "लेमन?" तिने विचारलं.

"नो लेमन," आतोबा म्हणाले. त्यांना पुढचा शब्द सापडायला वेळ लागला. "ग्रँडसन."

आजीने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तिने चिनी रीतीप्रमाणे बारशाची लाल रंगवलेली अंडी टोपलीत घालून पाठवली. आतोबांनी ती फोडण्यापूर्वी उजेडासमोर धरून पाहिली नाहीत, असं आत्या शपथेवर सांगतात. मला खात्री नाही.

त्यानंतर दीड-एक वर्षात ती दोघं कायमची साताऱ्याला गेली, आणि पुढे आम्हीही क्लेमेंटी सोडलं. पण ती जायच्या आधीची एक दुपार माझ्या मनात राहून गेली आहे. झाड गेल्यापासून आतोबांना कॉरिडॉरमध्ये काही काम उरलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते न सांगता आमच्याकडे खाली येत आणि वर्तमानपत्र चाळत बसत. त्या दुपारी शुभा बाजारात गेली होती. मी काहीतरी वाचत होतो, आणि नेहमीप्रमाणे बोलत नव्हतो. मान वर केली तर आतोबा खुर्चीत झोपलेले. आयुष्यभर झोपेतही इंजिनाच्या आवाजाकडे कान ठेवलेला हा माणूस, तोंड उघडं टाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, माझ्या समोर गाढ झोपला होता. थोड्या वेळाने आत्या त्यांना शोधत आल्या. मी उठवायला निघालो तर त्यांनी मला खुणेनेच थांबवलं. "राहू द्या," त्या कुजबुजल्या. "घरीसुद्धा असे झोपत नाहीत हो ते." मग आम्ही दोघंही आवाज न करता बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने ते जागे झाले. क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत ते कळलं नसावं. "किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"पाच वाजून गेले, आतोबा."

त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, समोर भिंतीवरही होतं. त्यांनी कशाकडेच पाहिलं नाही. "हो का?" म्हणाले, आणि चष्मा वर सारून चहाची वाट बघत बसले.